दाराची स्प्रिंग आणि बाहीचे टोक

संगणकावरचा खेळ रचताना आपण पडद्यावर काय दिसेल याचा महिनोन्‌महिने विचार करतो. खेळणाऱ्याच्या हातात काय असेल हा प्रश्न मात्र कीबोर्ड किंवा मोबाइलची काच गृहीत धरून आधीच मिटवलेला असतो. आज त्या हाताविषयी बोलायचे आहे.

रॉबिन बाउमगार्टेन यांच्या ‘लाइन वॉबलर’ या खेळाला पडदाच नाही. एलईडीची एक लांब पट्टी आणि दार भिंतीवर आपटू नये म्हणून लावतात तसली स्प्रिंग, एवढेच सामान. स्प्रिंग वाकवली की पट्टीवरचा हिरवा ठिपका, म्हणजे आपण, त्या दिशेने सरकतो. ती ओढून सोडली की थरथरते आणि ती थरथर हेच आपले शस्त्र. हालचाल टिपायला आत एक त्वरणमापक, म्हणजे वेगातला बदल मोजणारा संवेदक, आहे. हाच खेळ दोन बाणांच्या कळांवर खेळायला दिला, तर माझ्या मते पाच मिनिटांत कंटाळा येईल, कारण कळ दाबली की काम संपते; स्प्रिंग मात्र हाताला उलट ढकलते आणि सोडल्यावरही काही क्षण आपल्याच मर्जीने हलत राहते.

डग्लस विल्सन यांच्या ‘योहान सेबास्टियन जूस्ट’मध्येही पडदा नाही. प्रत्येकाच्या हातात चमकत्या गोळ्याचा प्लेस्टेशन मूव्ह, म्हणजे हाताची हालचाल ओळखणारा दांडा, असतो आणि बाख या जर्मन संगीतकाराचे संगीत चालू असते. लय संथ असताना हाताला जरासा हिसका बसला तरी खेळाडू बाद होतो. लय वाढली की धावून जाऊन दुसऱ्याचा हात हलवण्याइतकी सवलत मिळते. यंत्र फक्त हिसका मोजते. हुलकावण्या, दबा धरणे, मोकळ्या हाताने अडवणे यांतले त्याला काहीच कळत नाही, आणि खेळ तर नेमका तिथेच आहे.

हातातल्या वस्तूमुळे खेळात खरोखर काही बदलते का, या कसोटीवर केळ्यांचा पियानो, म्हणजे केळ्याला हात लावला की सूर वाजतो तो, मला काहीसा फसवा वाटतो. जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम यांनी 2012 मध्ये लोकांपुढे आणलेल्या ‘मेकी मेकी’ या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीमुळे तो घराघरांत पोहोचला. पाटीवर 22 मेगाओमचे, म्हणजे विजेला खूप मोठा अडथळा करणारे, रोधक असल्यामुळे केळ्यातून आणि आपल्या अंगातून जाणारा अगदी क्षीण प्रवाहही तिला पुरतो, आणि संगणकाला वाटते की कीबोर्डवरची कळ दाबली गेली. युक्ती सुंदर आहे. पण केळ्याच्या जागी बटाटा ठेवला तरी वाजवणाऱ्याला काही फरक पडत नाही.

मुलांच्या एका कार्यशाळेत मी हाच पियानो मांडला होता. आठ मुले हात धरून उभी होती. एका टोकाच्या मुलाकडे अर्थिंगची तार, दुसऱ्या टोकाची मुलगी केळ्याला हात लावणारी. आवाज येईना. मी तारा तपासल्या, पाटी बदलली, केळीसुद्धा बदलली. शेवटी मुलांनीच शोधून काढले की मधल्या एका लाजऱ्या मुलाने शेजारणीचा हात न धरता तिच्या बाहीचे टोक चिमटीत धरले होते. त्याने बोट पुढे केले आणि सूर वाजला. पुढच्या कार्यशाळेला मी केळी नेलीच नाहीत. दोन तारा नेल्या आणि मधली सगळी जागा मुलांना दिली.