ओढून धरलेली दोरी

शिकारीसाठी पारंपरिक धनुष्य घेऊ की चाकं लावलेलं कंपाउंड, हे मला दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच. मी राहतो मिशिगनमध्ये, तेव्हा बोलणार आहे ते इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीबद्दल. भारतात १९७२च्या कायद्यानं शिकार बंद झाली, आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. इथे धनुष्यबाणाचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो.

आपल्या लोकांना कंपाउंड माहीत झालं ते साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरच्या ओजस देवतळे यांच्यामुळे. २०२३ साली बर्लिनला दोघंही जगज्जेते झाले. पण त्यांचं लक्ष्य ५० मीटरवर जागचं हलत नाही. हरीण हलतं, ऐकतं, बघतं.

५० पाउंडांचं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं पारंपरिक धनुष्य, पूर्ण ओढलंत की ५०च्या ५० पाउंड बोटांवर येतात. दोन-चार सेकंदांत बाण सोडावाच लागतो. मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी धनुष्याच्या टोकांना आस मध्यापासून सरकवलेली चाकं बसवली, आणि कंपाउंड तयार झालं. १९६९ साली पेटंट मिळालं. आजच्या ६० पाउंडांच्या कंपाउंडमध्ये पूर्ण ओढीला ८० टक्के भार उतरला, तर हाताला लागतात फक्त १२ पाउंड. जंगलात याचा अर्थ असा: हरणाचं डोकं झाडाच्या बुंध्याआड गेलं की दोरी ओढायची आणि ते बाहेर येईपर्यंत थांबायचं. रिकर्व्हवाल्याला ऐन वेळी ओढावं लागतं, आणि ती हालचाल हरीण टिपतं.

वेगाच्या आकड्यांना मात्र भुलू नका. सेकंदाला २९० फूट जाणाऱ्या बाणालाही ६० यार्डांवर पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. दोरीचा आवाज त्याआधी पोचतो. हरीण उडी घेण्यासाठी खाली दबतं, आणि छातीवर धरलेला नेम पाठीत लागतो. जखमी जनावर रात्रभर शोधणं फार वाईट असतं.

रिकर्व्ह हलकं असतं, तुटलेली दोरी जंगलातच बदलता येते, कंपाउंडची केबल तुटली तर दुकान गाठावं लागतं. मला स्वतःला रिकर्व्हच जास्त आवडतं. तरी नवख्याला मी सांगतो, पहिली काही वर्षं कंपाउंड घ्या. रिकर्व्हला रोजचा सराव लागतो, तो चुकला की त्याची किंमत हरीण मोजतं.

आपण किती अंतरावरून बाण मारावा हे ठरवायला जेवणाची साधी कागदी प्लेट लक्ष्य म्हणून लावा. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं साधारण तेवढ्याच जागेत असतात. जाड जाकीट घालून, स्टुलावर बसून, सकाळचा पहिलाच बाण मारा. तो प्लेटमध्ये लागला का, तेवढंच मोजा, नंतरचे नाहीत. महिनाभर हे करून पाहिलं, तेव्हा माझं रिकर्व्हचं अंतर १५ यार्ड निघालं. गेल्या ऑक्टोबरात एक मोठा नर २२ यार्डांवर बराच वेळ चरत होता. मी दोरीला हात लावला नाही.