लाईट गेल्यावर

(वडगाव, बेळगाव. दुपार. गल्लीभर यंत्रमागांचा खडखडाट.)

या आवाजात रॅप रेकॉर्ड होत नाही. भिंतीपलीकडे वडिलांचे दोन माग, समोरच्या घरात चार. कपाटाला गोधड्या टांगल्या, दाराखाली चादर कोंबली, तरी माइक धोट्याचा आवाज पकडतोच. म्हणून ही रॅप करणारी मुलगी लाईट जायची वाट बघते. लाईट गेली की गल्ली गप्प. लॅपटॉपच्या बॅटरीवर दीडेक तास मिळतो. माइकही त्याच बॅटरीवर चालतो. लाईट जात नाही म्हणून कुरकुरणारी बेळगावात ती एकटीच असावी.

पहिलं गाणं तिनं पुस्तकी मराठीत केलं. पुण्याच्या पोरांसारखं वाटावं म्हणून. ते ना पुण्याचं झालं, ना वडगावचं. दुसऱ्यात घरची बोली आली. बेळगावात बाई 'मी आलो', 'मी गेलतो' म्हणते. तिची आई म्हणते, आजी म्हणायची. तर बाहेरच्या श्रोत्यांचा पहिला प्रश्न: मुलगी असून मुलासारखी का बोलते?

तिनं उत्तर दिलं नाही, तिसरं गाणं लिहिलं. इथं 'खरं' म्हणजे 'पण'. 'येतो म्हटलास, खरं आला नाहीस.' पुण्याचा कान त्यात सत्य शोधत बसतो, बेळगावशेजारच्या खानापूरचा माणूस हसतो. आणि 'करूलालो, बघूलालो, जाऊलालो', म्हणजे करतोय, बघतोय, जातोय: क्रियापदच यमक घेऊन येतं, आणखी काय पाहिजे?

डफावर सवाल टाकायचा आणि समोरच्या फडाला अडवायचं, हे या भागाला नवं नाही. भेदिक शाहिरीत कलगीवाले शक्तीची बाजू धरतात, तुरेवाले शिवाची. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये हिपहॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३चा मानतात. सवाल-जवाब त्याच्या कितीतरी आधीचे. पण शाहिराला मानधन गावची जत्रा द्यायची. हिला कोण देणार?

इथं तिनं पहिला फटका खाल्ला. यूट्यूबवर 'फ्री' लिहिलेली बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारं तयार संगीत, उतरवली, त्यावर गाणं चढवलं. गाणं बऱ्यापैकी चाललं आणि बीटवाल्याचा कॉपीराइट दावा आला. जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे. 'फ्री' होतं ते फक्त कमाई न करणाऱ्यासाठी; ही अट वर्णनाच्या तळाशी होती. आता ती बीटचं लायसन्स विकत घेते आणि बारीक अक्षर आधी वाचते: किती स्ट्रीमपर्यंत चालेल, व्हिडिओला चालेल का, हीच बीट आणखी कुणाला विकणार का. स्वस्त लायसन्समध्ये ती बीट दुसऱ्यालाही मिळते. पूर्ण हक्क हवेत तर किंमत कित्येक पट.

मित्रानं बीट केली तरी वहीच्या पानावर वाटे लिहून दोघांच्या सह्या. मैत्रीत कागद कशाला, असं म्हणणारेच पुढं भांडतात, हे मी स्वतः पाहिलंय. शब्दांचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनं गीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. तो गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे. सभासद व्हावं लागतं, आपोआप काही येत नाही.

येतं तेही थोडंच. स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाल्याशिवाय गाण्याला पैसाच लागत नाही. यूट्यूबच्या जाहिरातीसाठी हजार सबस्क्रायबर हवेतच, शिवाय वर्षात चार हजार तास पाहिलं जाणं किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. त्यामुळे हातात रोकड पडते ती गणेश मंडळाच्या, कॉलेजच्या स्टेजवर. तिथं समोर मराठी, कन्नड, दखनी बोलणारी पोरं एकत्र. ती मध्येच कन्नडमधून 'बर्री, बर्री' म्हणून बोलावते, मागची रांग पुढं सरकते.

१ नोव्हेंबरला मात्र ती गाणं सोडत नाही. एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. त्या दिवशी इथं कुठलंही गाणं झेंड्यासारखंच बघितलं जातं.

(दुपारचे तीन. गल्ली गप्प. कपाटासमोर ती, डोळे मिटलेले.)

सोळा ओळींचा अंतरा, एका दमात हवा. तेरा होतात. चौदावीच्या तोंडाशी लाईट येते, माग खडखडतात. उद्या साड्या पोचवायच्या आहेत, वडील माग थांबवणार नाहीत.

"बोल की काय बोलायचं ते," ते पलीकडून ओरडतात, "खरं कांड्या संपल्यात."

ती हेडफोन काढते आणि धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायला बसते.