पहिले ५६ दिवस

(दृश्य : दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबाग; सूक्ष्मदर्शकाखाली वेलीचा कापलेला डोळा, म्हणजे कोंब फुटण्याची जागा)

एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की नाशिकच्या द्राक्षबागेत पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही. परंतु ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर जो घड बाहेर पडतो, तो याच काळात नव्या काडीवरच्या डोळ्यात आकार घेऊ लागलेला असतो. म्हणून जाणते बागायतदार छाटणीपूर्वी काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळ्यात घड आहे की नाही, ते तपासून घेतात. वेलीची एवढी काळजी घेणाऱ्या याच जिल्ह्यात पोटातल्या गर्भाकडे मात्र पाळी चुकेपर्यंत, आणि पुष्कळदा चुकल्यावरही, कोणाचे लक्ष जात नाही.

(दृश्य : नाशिक शहरातील वंध्यत्व उपचार केंद्राची प्रयोगशाळा, पाच दिवसांचे वेगवान चित्रण)

एरवी स्त्रीबीजवाहिनीच्या अंधारात घडणारी गर्भाच्या सुरुवातीची ही घटना येथे ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या पेटीत घडत असल्यामुळे आपल्याला पाहता येते. मधोमध दिसणाऱ्या दोन वर्तुळांपैकी एकात आईची २३ गुणसूत्रे आहेत आणि दुसऱ्यात वडिलांची २३. ती विरून जातात आणि फलनानंतर सुमारे एका दिवसाने फलित बीज दुभंगते. दुसऱ्या दिवशी चार पेशी होतात, तिसऱ्या दिवशी आठ. बीजाभोवतीचे कवच मात्र तेच राहते, मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढे, कारण येथे वाढ होत नसून आहे त्याच ऐवजाची वाटणी चाललेली आहे. हा ऐवज आईचा आहे. भ्रूणाची स्वतःची जनुके चार ते आठ पेशींच्या सुमारास नेटाने कामाला लागतात आणि तोवरचा सगळा शिधा स्त्रीबीजाने आधीच भरून ठेवलेला असतो. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना बिलगून तुतीच्या फळासारखा गोळा होतो. पाचव्या दिवशी त्यात पोकळी तयार होते; आतल्या कडेला साचलेल्या पुंजक्यातून पुढे बाळ घडते, तर बाहेरच्या थरातून प्रामुख्याने वार. त्यानंतर कवच फाटते आणि भ्रूण त्यातून हळूहळू बाहेर सरकतो. संकलन करताना हे काही सेकंद आम्ही कितीतरी वेळा मागे-पुढे करून पाहिले.

गर्भाशयाच्या अस्तरात रुजण्याचे काम साधारणतः सहाव्या ते दहाव्या दिवसादरम्यान होते.

(दृश्य : रेखाचित्रे)

तिसऱ्या आठवड्यात भ्रूणाचे तीन थर होतात. बाहेरच्या थरातून त्वचा आणि मेंदू, मधल्यातून हृदय, रक्त, स्नायू व हाडे, आणि आतल्या थरातून पचनमार्ग व फुप्फुसे यांचे अस्तर घडते. पाठीच्या बाजूला एक खाच पडते, तिच्या कडा वर उचलल्या जाऊन जुळतात आणि मेंदू व मज्जारज्जू ज्यापासून बनतात ती नलिका २८व्या दिवसापर्यंत बंद होते. हे काम नीट होण्यासाठी आईच्या शरीरात फॉलिक ॲसिड पुरेसे लागते. म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस जाण्याआधीपासून सुरू करावयाची असते. नलिका उघडी राहिल्यास मेंदूत किंवा मणक्यात गंभीर व्यंग राहू शकते.

(दृश्य : सोनोग्राफी कक्ष)

पडद्यावर जी लुकलुक दिसते, ते हृदय आहे. कागदावर सात आठवडे लिहिलेले असले, तरी ती मोजणी शेवटच्या पाळीपासूनची असल्यामुळे भ्रूणाचे वय प्रत्यक्षात पाच आठवड्यांचे आहे, आणि हे हृदय सुमारे २२व्या दिवसापासून धडधडत आहे. फलनापासूनचा आठवा आठवडा संपेपर्यंत, म्हणजे ५६ दिवसांत, वल्ह्यासारख्या चपट्या हातांना सुटी बोटे येतात आणि सुमारे तीन सेंटिमीटरच्या त्या देहात बहुतेक सर्व प्रमुख अवयवांची मांडणी झालेली असते. उरलेले महिने वाढीचे आणि पक्वतेचे असतात. सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून आपण जे डोहाळजेवण करतो, तोवर ही मांडणी होऊन कित्येक महिने लोटलेले असतात.

(दृश्य : पेठ तालुक्यातील एक पाडा, अंगणवाडीची ओसरी)

तीन महिने पूर्ण होईपर्यंत कोणाला सांगू नये, ही रीत अनेक घरांत अजून पाळली जाते. आज मात्र ही नवी सून सासूबाईंसोबत स्वतःहून आली आहे. आशाताई वही उघडतात आणि शेवटच्या पाळीची तारीख विचारतात. तारीख तिच्या लक्षात नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी, एवढे तिला नक्की आठवते. ताई बोटांवर मोजतात, वहीत ‘सहा आठवडे’ असे लिहितात आणि पिशवीतून फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचे पहिले पाकीट बाहेर काढतात.