समुपदेशक तुमच्या घरच्यांना नेमकं काय सांगू शकतो?

नमस्कार. कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. ‘मी समुपदेशकाला जे सांगेन ते घरी कळेल का?’ कुणाला आईची भीती आहे, कुणाला नवऱ्याची. एकीनं विचारलंय, फी बाबा भरतात, मग त्यांना विचारायचा हक्क नाही का? तेव्हा आज फक्त गोपनीयता.

आधीचं सगळं पटकन उरकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, अमलात आला २९ मे २०१८ला. त्याचं कलम २३ सांगतं की उपचार करताना कळलेली माहिती गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. मनोविकारतज्ज्ञाची नोंदणी राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे असते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे. नोंदणी क्रमांक विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि त्या कमेंटचं उत्तर: तुम्ही सज्ञान असाल, तर फी कुणीही भरो, बाबांना पावती मिळेल. आत काय बोलणं झालं ते मिळणार नाही.

आता खरा मुद्दा. ‘इथलं बोलणं इथेच राहील, शंभर टक्के.’ हे वाक्य पहिल्याच भेटीत ऐकवणारे समुपदेशक खूप आहेत आणि मला याचा मनापासून राग येतो. कारण हे खरं नाही. कलम २३ मध्येच अपवाद लिहिलेले आहेत. दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल, कुणाच्या जिवाला धोका असेल, या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा किंवा न्यायालयाचा आदेश असेल, सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल, उपचारात सहभागी असलेल्या दुसऱ्या डॉक्टरला माहिती हवी असेल, तर ती देता येते. हे अपवाद माणूस बोलायला लागायच्या आधी सांगायचे असतात. त्याचं सगळं सांगून झाल्यावर ‘आता मला हे कळवावं लागेल’ म्हटलं, की तो पुन्हा कुठल्याच समुपदेशकाची पायरी चढत नाही.

पण अपवाद आहे म्हणजे सगळी फाईल उघडायची असं नाही. कायद्यात ‘धोका टाळण्यासाठी आवश्यक तेवढीच माहिती’ असं स्पष्ट लिहिलंय. नेमकं हेच चुकतं.

समजा एक तरुण सांगतो, जगावंसं वाटत नाही. एवढ्यावर लगेच घरी फोन करायचा नसतो. आधी थेट विचारायचं: मरणाचे विचार येतात का? काही ठरवलंय का? साधन हाताशी आहे का? कधी? आज रात्री घरी कोण आहे? विचार आहेत पण ठरवलेलं काही नाही, मदत घ्यायची तयारी आहे, तर त्याच्यासोबत बसून सुरक्षेचा आराखडा लिहायचा, म्हणजे तसे विचार आले तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, आणि पुढची भेट जवळची ठेवायची. धोका तातडीचा दिसला, तर त्यालाच आधी सांगायचं, ‘मी आता तुमच्या बहिणीला फोन करणार आहे, तुम्ही इथेच बसा, काय बोलायचं ते आपण ठरवू.’ बहीण की वडील, ही निवडही शक्यतो त्याचीच.

आणि फोनवर काय बोलायचं? ‘त्यांच्या जिवाला धोका आहे. आज रात्री त्यांना एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या आणि फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. आता इथे या, आपण रुग्णालयात जाऊ.’ बस्स. कर्ज किती, कुणावर प्रेम आहे, तो समलिंगी आहे का, वडिलांबद्दल काय बोलला, यातलं एक अक्षरही नाही. पलीकडून ‘पण झालं काय?’ असं दहा वेळा येईल. दहाही वेळा उत्तर एकच: ते बरे झाले की स्वतः सांगतील. (स्क्रीनवर: मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस १४४१६, तातडीसाठी ११२)

हेच आता मुलांच्या बाबतीत बघा. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची शक्यता दिसली, तर पॉक्सो कायदा २०१२, कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इथे समुपदेशकाला निवड नाही. सतरा वर्षांची मुलगी ‘आमचं प्रेम आहे, माझी संमती होती’ म्हणाली तरी कायदा १८ खालची संमती मानत नाही. म्हणून शाळेतल्या समुपदेशकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की मुलांना ही मर्यादा पहिल्या दिवशी, त्यांच्या भाषेत सांगा. पण इथेही कळवायचं ते घटनेबद्दल: काय कळलं, कधी, कुणाकडून, मूल आत्ता सुरक्षित आहे का. आईवडिलांच्या भांडणाच्या किंवा परीक्षेच्या भीतीच्या नोंदी त्यासोबत जात नाहीत. आणि मुलाचं नाव शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात जायला नको.

तिसरा प्रसंग न्यायालयाचा. घटस्फोटाचा दावा चालू असतो आणि नवऱ्याचे वकील पत्र पाठवतात: ‘पत्नीच्या उपचाराचे कागद द्या.’ वकिलाचं पत्र म्हणजे आदेश नव्हे. पोलिसांचा फोनही आदेश नव्हे. मागणी लेखी घ्यायची, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे ते विचारायचं, आणि जिची माहिती आहे तिला कळवायचं. न्यायालयाचा आदेश आला तर मात्र पाळावा लागतो. वकील आणि अशिलाच्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात जे वेगळं संरक्षण आहे, ते समुपदेशकाला नाही. पण आदेशात निदान आणि उपचाराच्या तारखा मागितल्या असतील, तर तेवढंच द्यायचं. भेटीत लिहिलेल्या वहीची झेरॉक्स जोडायची नाही.

काही जण टारासॉफ खटल्याबद्दल विचारतात. तो कॅलिफोर्नियाचा, १९७६चा निकाल. रुग्णापासून कुणाला गंभीर धोका असेल तर त्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी पावलं उचलणं थेरपिस्टचं कर्तव्य आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. आपल्या कलम २३ ची रचना वेगळी आहे: ते अशा वेळी माहिती द्यायची मुभा देतं आणि तिला मर्यादाही घालतं. तेव्हा अमेरिकन मालिका बघून इथले नियम ठरवू नका.

‘नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह’, म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधी, उपचाराच्या निर्णयांत तुम्हाला साथ द्यायला तुम्ही नेमलेली व्यक्ती, याबद्दल जवळजवळ कुणीच विचारत नाही आणि तुमच्या कामाची गोष्ट हीच आहे. या प्रतिनिधीला त्याची कायदेशीर कामं करण्यापुरती माहिती मिळू शकते. तुम्ही कुणालाच नेमलं नसेल, तर कायद्याच्या क्रमानुसार नातेवाईकाचा नंबर आधी लागतो. ज्या नातेवाईकापासून लपवायचंय, नेमका तोच समोर येऊ शकतो. कलम १४ प्रमाणे कुणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. नातेवाईकच हवा असं नाही, मैत्रीणही चालते. ती सज्ञान हवी आणि तिची लेखी संमती तुमच्या उपचारकाकडे हवी. नंतर बदलताही येतं.

शेवटी ते रील्स. ‘माझी एक क्लायंट, नाव बदललंय…’ असं म्हणून थेरपिस्ट गोष्टी सांगतात आणि लाखो लोक बघतात. कलम २४ सांगतं की उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायची नाही. आणि नाव बदलून भागत नाही. तालुक्याच्या गावातली, बँकेत नोकरी करणारी, जुळ्या मुलांची आई, एवढं सांगितलं की आख्ख्या गावाला कळतं. संमती घेतली म्हणतात, पण पुढची अपॉइंटमेंट ज्याच्या हातात आहे, त्याला नाही कोण म्हणेल?

तुमच्याबाबत असं झालं असेल तर व्हिडिओची लिंक, तारीख आणि स्क्रीनशॉट आधी जपून ठेवा, कारण तक्रारीची कुणकुण लागली की व्हिडिओ उडवतात. मग लेखी तक्रार: मनोविकारतज्ज्ञ असेल तर राज्य वैद्यकीय परिषदेकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर पुनर्वसन परिषदेकडे. कायद्याचा भंग सिद्ध झाला तर कलम १०८ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. स्वतःच्या उपचाराची कागदपत्रं मिळवायचा हक्क कलम २५ मध्ये आहे. त्यासाठीचा अर्ज कसा भरायचा, ते पुढच्या व्हिडिओत फॉर्म समोर ठेवून दाखवते.