सावल्यांचा उडता घोडा : पोरांसोबत बघायची १९२६ची परीकथा

(दृश्य : अंधारी खोली, टीव्हीचा निळा उजेड, सोफ्यावर दोन मुलं)

रात्रीचे साडेआठ वाजलेत, जेवणं झालीयेत, भांडी अजून ओट्यावरच आहेत आणि सोफ्यावर माझी सहा वर्षांची लेक न् नऊ वर्षांचा भाचा पांघरुणात पाय घालून बसलेत. टीव्हीवर एक काळाकुळकुळीत घोडा आकाशात चाललाय, वर, अजून वर, ढगांच्या पार वर, आणि त्याच्यावर बसलेल्या राजपुत्राला खाली कसं यायचं तेच माहीत नाहीये. कारण जादूगारानं त्याला घोडा वर कसा न्यायचा तेवढंच सांगितलं होतं.

भाचा म्हणतो, "मावशी, हा पडणार." लेक म्हणते, "गप रे, पडला तर पिक्चर संपेल ना."

हा पिक्चर, द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अखमेद, जवळपास शंभर वर्षांचा आहे. त्यात डायलॉग नाहीत, चेहऱ्यांना नाकडोळे नाहीत, सगळ्या नुसत्या सावल्या. आणि तरी ही दोघं हलायला तयार नाहीत.

(दृश्य : जुना फोटो, कात्री हातात धरलेली तरुणी)

ही लॉटे रायनिगर, या पिक्चरची दिग्दर्शक. जन्म १८९९, बर्लिन. लहानपणापासून कात्रीनं कागदाच्या आकृत्या कापायची. नुसतं कापणं म्हणजे कसं, तर उजव्या हातातली कात्री जवळजवळ स्थिर आणि डाव्या हातानं कागद फिरवत राहायचा, म्हणजे रेघ तुटत नाही. १९७०च्या एका छोट्या माहितीपटात तिला कापताना बघता येतं, आजीच्या वयाची बाई, बोलता बोलता कागदातून एक हात निघतो, मग बोटं, मग झग्याची किनार, आणि मी ते चारदा मागे नेऊन बघितलं तरी ती नेमकी कुठे वळली ते मला पकडता आलं नाही.

१९२३ साली जर्मनीत महागाईनं कहर केला होता, पैशाला किंमतच उरली नव्हती. लुइस हागेन नावाच्या एका बँकरनं पैसा कुठेतरी अडकवावा म्हणून कच्ची फिल्म विकत घेऊन ठेवली होती. त्याचा काही फायदा होईना, तेव्हा त्यानं तीच फिल्म लॉटेपुढे ठेवली, म्हणाला मोठा पिक्चर कर. पॉट्सडॅममध्ये त्याच्या घराच्या गॅरेजवर एक माळा होता, तोच स्टुडिओ. तिथं तीन वर्षं काम चाललं. सोबत नवरा कार्ल कोख, जादूच्या सीनसाठी वाल्टर रुटमान, समुद्राच्या लाटांसाठी बर्थोल्ड बार्टोश, आणि अजून एकदोघं हाताखाली. बस, एवढीच टीम.

२ मे १९२६ला बर्लिनच्या फोक्सब्यूने थिएटरमध्ये पहिला खेळ झाला, तेव्हा लॉटे सत्तावीसचीही नव्हती. डिस्नेची स्नो व्हाइट आली डिसेंबर १९३७मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. आज शिल्लक असलेल्या फुल-लेंथ ॲनिमेशनपटांमधला हा सगळ्यात जुना.

(दृश्य : काचेचं टेबल, खालून उजेड, वरती कॅमेरा)

आता हे कसं बनवलं ते जरा थांबून बघूया, कारण पोरांना गोष्टीइतकंच हे बघायला आवडतं. काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा कापून एकेक पात्र. खांदा वेगळा, कोपर वेगळं, मनगट वेगळं, आणि सगळे सांधे बारीक तारेनं बांधलेले. शिसं कशाला, तर वजनानं बाहुली काचेवर सपाट पडून राहते, दिव्याच्या गरमीनं वाकत नाही. बाहुली काचेवर आडवी ठेवायची, खालून दिवा, वरून कॅमेरा. एक फोटो. मग हात केसभर सरकवायचा. परत फोटो. एका सेकंदाला वीस-चोवीस फोटो लागतात आणि पिक्चर आहे तासाभराहून थोडा जास्त, हिशोब तुम्हीच करा. शिवाय काचा एकीवर एक ठेवून मागचे डोंगर वेगळे न् पुढची झाडं वेगळी हलवायची, त्यामुळे सपाट सावल्यांनासुद्धा खोली येते.

आम्ही घरी करून बघितलं. वहीच्या मागचा पुठ्ठा, त्याला काळा रंग, आणि सांध्यांना जुन्या चार्जरच्या वायरमधली तांब्याची तार. बटर पेपर दोन खुर्च्यांमध्ये ताणला, मागून मोबाईलचा टॉर्च. लेकीनं घोड्याची मान खाली केली मात्र, तिच्या चेहऱ्यावर जे आलं ना ते मला सांगता येणार नाही. पुठ्ठा होता, एका क्षणात जनावर झालं. पाच मिनिटांत आम्ही त्याला फक्त पाणी प्यायला लावू शकलो, तेवढ्यानंच हात भरून आले.

(दृश्य : पिंगुळी, पांढरा पडदा, मागे दिवा)

माझं आजोळ कुडाळजवळ. तिथून पिंगुळी अगदी जवळ, आणि पिंगुळीचे ठाकर लोक पिढ्यान् पिढ्या चामड्याच्या सावलीबाहुल्या नाचवतात, चित्रकथीची चित्रं दाखवत रामायणातल्या गोष्टी सांगतात. लॉटेचा पिंगुळीशी काही संबंध नाही, ती चिनी न् युरोपातल्या छायानाट्यावर वाढलेली. पण पहिल्यांदा प्रिन्स अखमेद लावला तेव्हा मला तोच पडदा आठवला, आणि त्याच्यासोबत एक गोष्ट लक्षात आली जी त्याआधी कुणी सांगितली नव्हती. चित्रकथीत चित्र गप्प असतं, बोलतो तो माणूस. एकजण पोथीतलं चित्र पुढे धरतो, गातो, थांबतो, समोरच्या पोराकडे बघतो आणि मग पुढचं चित्र काढतो.

पहिल्या रात्री मी नुसता पिक्चर लावून दिला होता. दहा मिनिटांत भाचा उठून गेला. मध्ये मध्ये जर्मन पाट्या येतात, खाली इंग्रजी सबटायटल, सहा वर्षांच्या मुलीनं काय वाचायचं? दुसऱ्या दिवशी मी शेजारी बसले आणि आपल्या बोलीत सांगायला लागले. "हा बघा जादूगार, खलिफाच्या वाढदिवसाला आलाय, घोडा दाखवतोय, पण त्याला बदल्यात काय पाहिजे माहितीय का? राजकन्या दिनारझादे." मग चित्र बदललं की मी गप्प, वोल्फगांग झेलरचं संगीत वाजू द्यायचं, ते मुद्दाम ह्याच पिक्चरसाठी लिहिलंय, त्याला जागा द्यायलाच हवी. पिक्चरचे पाच अंक आहेत. आम्ही रोज एक अंक बघितला, साधारण तेरा-चौदा मिनिटं, आणि झोप. एका रात्री मी चुकीचं काहीतरी सांगितलं तर लेकीनं थांबवलं, "आई, ती चेटकीण चांगली आहे, कालच नाही का मदत केली."

आणि ती अग्निपर्वताची चेटकीण न् जादूगार यांची लढाई! तो सिंह होतो, ती साप होते, विंचू काय, कोंबडा काय. एक आकार वितळून दुसऱ्यात शिरतो आणि कट कुठेच नाही. कॉम्प्युटर नसताना, माळ्यावर, हातानं. भाच्यानं तो सीन सहा वेळा लावायला सांगितला.

(दृश्य : लॅपटॉपवर शोधणारे हात)

शोधताना काय बघायचं ते सांगते, कारण माझे यात दोन आठवडे गेले. नुसतं जुनी परीकथा कार्टून असं शोधलंत तर भलतंच काहीही येतं. दिग्दर्शकाचं नाव आणि साल टाका. मूळ निगेटिव्ह आज नाही, लंडनच्या बीएफआयच्या (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) संग्रहात जुन्या नायट्रेट फिल्मवरची एक रंगीत प्रिंट सापडली, तिच्यावरून नव्वदच्या दशकाच्या शेवटी पिक्चर पुन्हा उभा केला. म्हणून ओळख सोपी आहे : पार्श्वभूमी सीनप्रमाणे निळी, पिवळी, हिरवी, लाल दिसली पाहिजे आणि लांबी ६५ मिनिटांच्या आसपास पाहिजे. करडी, धुरकट आणि वर कुणीतरी की-बोर्डचं म्युझिक चिकटवलेली कॉपी मिळाली तर बंद करा, अजून शोधा. तीच पोरांच्या पहिल्या भेटीत आली तर ती परत या पिक्चरकडे बघणार नाहीत.

एक मात्र आधी स्वतः बघून घ्या. आफ्रिकन जादूगार आणि चीनचा बादशाह ज्या पद्धतीनं रंगवलेत ते त्या काळच्या युरोपचं बघणं आहे, आज खटकतं, आणि खटकायलाच पाहिजे. तळ्यावर परी आंघोळ करताना राजपुत्र तिचे पिसांचे कपडे पळवतो, तेही. मी ते सीन कापले नाहीत. लेकीनं विचारलं, "त्यानं विचारलं का नाही तिला?" मी म्हटलं, विचारायला हवं होतं. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

पोर अगदी लहान असेल तर याच्यापासून सुरुवात नको. लॉटे पुढे इंग्लंडमध्ये राहायला गेली आणि १९५३ ते ५५ दरम्यान तिनं दहा-दहा मिनिटांच्या परीकथा केल्या : सिंड्रेला, थंबेलिना, हॅन्सेल आणि ग्रेटेल, बेडूक राजपुत्र. त्यात इंग्रजी निवेदन आहे, मी आवाज बारीक करून माझं मराठी चालू ठेवते. थंबेलिनातली झाडांची पानं बघा, नुसती पानं, प्रत्येकीच्या शिरासुद्धा कापलेल्या.

सावल्यांचा कंटाळा आला तर सोयुझमल्टफिल्म या रशियन ॲनिमेशन स्टुडिओची स्नो क्वीन आहे, १९५७, दिग्दर्शक लेव्ह आतामानोव, अँडरसनची गोष्ट, रंगीत आणि देखणी. जपानी ॲनिमेशन दिग्दर्शक हायाओ मियाझाकींवर या पिक्चरचा मोठा परिणाम झाला होता. फक्त साल नक्की टाका, त्याच नावाचे नवे कॉम्प्युटरवाले पिक्चर खूप आहेत.

(दृश्य : बटर पेपरवर घोड्याची सावली)

काल पाचवा अंक संपला. आज शनिवार, भाचा सकाळीच बॅग घेऊन राहायला आलाय आणि म्हणतोय संध्याकाळी पिक्चर नको, आपणच दाखवू, तिकीट दोन रुपये. आजोबांना बोलावलंय. लेक निवेदन करणार आहे, तिनं मला सांगून ठेवलंय की मी मध्ये बोलायचं नाही. घोड्याचा मागचा पाय तेवढा पुन्हा बांधायचाय, तार संपलीय.