दिवे आपले, गाव त्यांचं

(मंडळाच्या गुढीपाडवा मेळाव्यात झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

तोक्योत नव्याने येणारी मुलं मला हमखास दोन प्रश्न विचारतात. इथला तांदूळ खायचा ना? आणि २०११ साली भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाच्या अणुप्रकल्पाचा अपघात झाला, तेव्हा तुम्ही पळून का नाही गेलात?

पहिल्याचं उत्तर एका दमात देतो. खा. २०१२च्या हंगामापासून फुकुशिमातल्या तांदळाचं पोतं न् पोतं किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राखालून गेलं. तीस किलोची पोती, वर्षाला साधारण एक कोटी. नमुन्याला चार नव्हेत, सगळी. मर्यादा किलोला १०० बेकरेल (बेकरेल हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक). २०१५च्या पिकापासून एकही पोतं त्यावर गेलं नाही, आणि त्यानंतरही काही वर्षं ही झडती चालू ठेवून मग बहुतेक भागांत नमुने तपासायला सुरुवात झाली. तरी आमच्या घरात मी फुकुशिमाचे पीच आणतो आणि बायको ते उचलून बाजूला ठेवते. त्यावर आमचं एकमत झालेलं नाही. व्हायलाच हवं असंही नाही.

दुसरा प्रश्न जरा लांबचा आहे.

११ मार्चला दुपारी २.४६ला जमीन हलली. त्या रात्री गाड्या बंद, माणसं तासन्‌तास चालत घरी पोचली. पण आम्ही खरे हादरलो ते दुसऱ्या दिवशी, फुकुशिमाच्या प्रकल्पातल्या पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीचा स्फोट टीव्हीवर पाहिल्यावर. १४ तारखेला तिसरी, १५ला चौथी. त्या दिवशी तोक्योच्या हवेतला किरणोत्सर्ग काही काळ नेहमीच्या वीसपट झाला. वीसपट म्हटल्यावर कोणाच्याही पोटात गोळा येईल. प्रत्यक्षात तो आकडा तासाला एक मायक्रोसीव्हर्टच्याही (शरीराला मिळणारा डोस मोजायचं माप) खाली होता. त्या हवेत दोन-तीन दिवस सलग उभं राहिलं तर छातीच्या एका एक्स-रेइतका डोस मिळाला असता. हा हिशोब त्या आठवड्यात आम्हाला कोणी साध्या भाषेत मांडून दाखवला नाही. पुण्या-मुंबईहून फोन मात्र अखंड चालू होते, "तिकडे सगळं संपलं म्हणतात" असे.

निशीकासाई, तोक्योतली आपली भारतीयांची वस्ती, बघता बघता रिकामं झालं. बऱ्याच कंपन्यांनी भारतीय कर्मचाऱ्यांना तिकिटं काढून दिली. माझी बायको आणि तान्ही मुलगी पुण्याला गेल्या. मी थांबलो त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. ३१ मार्च ही जपानमध्येही आर्थिक वर्षाची अखेर असते आणि ग्राहकाची हिशोबाची प्रणाली आमच्या गळ्यात होती. जे गेले त्यांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. २३ मार्चला जाहीर झालं की तोक्योतल्या कानामाचीच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या पाण्यात लिटरला २१० बेकरेल किरणोत्सारी आयोडीन सापडलं. मोठ्यांसाठी मर्यादा ३००ची, तान्ह्या बाळांसाठी १००ची. बाळ असलेल्या घरांना पाण्याच्या छोट्या बाटल्या वाटल्या, बाळामागे तीन. अशा वेळी मुलगी घरात असती तर मीही विमानतळावरच दिसलो असतो. त्या आयोडीन-१३१चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, आठ दिवसांचं, त्यामुळे ते पाणी लवकर निवळलं. प्रकल्पातूनच बाहेर पडलेल्या सीझियम-१३७चं तीस वर्षांचं. ते तिकडे फुकुशिमाच्या मातीत बसलं.

मग तो उन्हाळा, विजेच्या टंचाईचा. मोठ्या ग्राहकांनी विजेचा वापर १५ टक्क्यांनी कमी करायचा असा सरकारी हुकूम. ऑफिसात एसी २८ अंशांवर, निम्मे दिवे काढलेले, सरकते जिने बंद. मोटार कारखान्यांनी गुरुवार-शुक्रवार सुट्टी घेऊन शनिवार-रविवारी काम केलं. जपानी सहकारी टाय न लावता यायला लागले, हे मला भूकंपाइतकंच नवलाचं वाटलं होतं.

त्या अर्ध्या अंधारात एका सहकाऱ्याने मला जे सांगितलं, त्यासाठीच मी आज इथे उभा आहे. फुकुशिमा दाईइची, म्हणजे स्फोट झालेला तो प्रकल्प, तोक्यो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीचा. फुकुशिमा प्रांताला वीज देणारी कंपनी मात्र वेगळी, तोहोकु इलेक्ट्रिक. म्हणजे १९७१पासून त्या समुद्रकाठी तयार होणारी वीज इकडे, तोक्योच्या बाजूला येत होती. आपण ज्या धोक्याला घाबरून बॅगा भरत होतो, तो आपल्याच दिव्यांसाठी तिथे नेऊन ठेवलेला होता. आपल्याला हे कळायला वेळ लागू नये. कोयना अडली, वीज मुंबईला गेली, आणि धरणग्रस्त अजून पुनर्वसनासाठी धरणं धरून बसतात.

दीडएक लाखांहून जास्त माणसं घरं सोडून गेली. फुकुशिमा प्रांतात भूकंप-त्सुनामीत थेट गेलेले सुमारे १,६००. त्यानंतर स्थलांतराच्या हालांत, आजारपणात, हाय खाऊन गेलेले २,३०० हून अधिक. प्रकल्पाजवळच्या एका रुग्णालयातले आणि त्याला जोडलेल्या वृद्धाश्रमातले चाळीसहून जास्त रुग्ण हलवाहलवीतच गेले. बसमध्ये तासन्‌तास बसवलेली, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं ती. किरणांपेक्षा घाईने जास्त माणसं मारली, असं माझं मत आहे.

आणि माती. किरणोत्सर्ग कमी करायला खरवडून काढलेली माती प्रकल्पाच्या ओकुमा आणि फुताबा या दोन गावांत साठवली आहे. २०४५पर्यंत ती प्रांताबाहेर न्यायची असा कायदा आहे. न्यायची कुठे, याला उत्तर नाही. तोक्योच्या शिंजुकु ग्योएन बागेत थोडी वापरून बघू, असं पर्यावरण मंत्रालयाने म्हटलं, तर आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला. शेवटी २०२५मध्ये पंतप्रधान कार्यालयाच्या आवारात थोडी पसरली. चाळीस वर्षं वीज घेतली, माती मात्र दारात नको. त्या रहिवाशांत मीही असतो तर काय केलं असतं, छातीठोकपणे सांगवत नाही.

राजापूरचा माझा मामेभाऊ जैतापूरबद्दल मला विचारतो. तू तिथे राहतोस, सांग, प्रकल्प होऊ द्यावा का? मी त्याला ओनागावाची गोष्ट सांगतो. ओनागावाचा अणुप्रकल्प भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ. लाट आली सुमारे १३ मीटरची. जमीन १४.८ मीटर उंच ठेवलेली होती, म्हणून प्रकल्प वाचला. इतका, की घरं वाहून गेलेल्या गावकऱ्यांनी त्याच प्रकल्पाच्या आवारात आसरा घेतला. भारताने पाठवलेलं एनडीआरएफचं ४६ जणांचं पथकही त्याच ओनागावात ढिगारे उपसत होतं. आणि फुकुशिमा दाईइचीला? तिथे निसर्गाने दिलेला सुमारे ३५ मीटरचा कडा होता. बांधताना तो कापून १० मीटरवर आणला. लाट १४-१५ मीटरची. तेव्हा भाऊराया, तुझ्या इथे जमीन किती उंच ठेवणार, कारण काय सांगणार, आणि तुझ्या आजीला घेऊन जाणारी बस कुठून येणार, हे आधी विचार. तारापूरच्या लोकांनीही विचारावं. तिथल्या १९६९च्या दोन भट्ट्या फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीसारख्याच, जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या.

आता कामाचं. तिकडे जाणारा जोबान रेल्वेमार्ग मार्च २०२०मध्ये पुन्हा पूर्ण सुरू झाला. तोक्योच्या उएनो स्टेशनाहून थेट फुताबाला गाडी जाते. स्टेशनापासून थोड्या अंतरावर आपत्तीचं संग्रहालय आहे. 'अणुशक्ती, उज्ज्वल भविष्याची ऊर्जा' ही गावच्या कमानीवरची पाटी आता तिथे ठेवली आहे. एका शाळकरी मुलाने लिहिलेली ती घोषणा. पुढे मोठा झाल्यावर ती पाटी काढून टाकायला त्यानेच विरोध केला. लोकांनी ती वाचावी, असं त्याचं म्हणणं.

शरद ऋतूत मंडळाची सहल तिकडे नेऊया, असा माझा प्रस्ताव आहे. मुलांना जरूर आणा. नावं आज चहाच्या टेबलाशी द्या. शेजारच्या नामिए गावचे जाड नूडल्स प्रसिद्ध आहेत, जेवायला तिथेच थांबू. त्यात डुकराचं मांस असतं, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आपला डबा बरोबर घ्यावा.