पुढच्यास ठेच लागण्याआधी

1986 सालचा ऑक्टोबर महिना. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यात अंतर होते अवघे 400 यार्डांचे. या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या जाळ्यातून एरवी सेकंदाला 32 हजार बिट जात असत. त्या महिन्यात हा वेग एकाएकी 40 बिटांवर घसरला. इंग्रजी मजकुराचे 2000 अक्षरांचे जे पान अर्ध्या सेकंदात पोहोचत असे, त्याला आता साडेसहा मिनिटांहून अधिक वेळ लागणार होता. तेवढ्या वेळात तो कागद हातात घेऊन निघालेला माणूस चालत पलीकडे पोहोचला असता.

तारा शाबूत होत्या, यंत्रेही चालू होती. जाळ्यातून माहिती पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत जाते. पाठवलेल्या पॅकेटची पोचपावती वेळेत आली नाही, की ते हरवले असे समजून संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवत होते. त्यामुळे वाटेतली रांग वाढत होती, पोचपावत्या आणखी उशिरा येत होत्या आणि तीच पॅकेटे तिसऱ्यांदा निघत होती.

व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी यावर शोधलेला उपाय 1988 साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक संगणकाने सुरुवात बेताने करावी, पोचपावत्या येत राहिल्या तर पाठवण्याचे प्रमाण वाढवत न्यावे आणि एखादे पॅकेट हरवल्याचे कळताच हात आखडता घ्यावा. पाठवण्याच्या वेगाच्या आलेखात दिसणारी, करवतीच्या दात्यांसारखी चढणारी आणि मध्येच तुटून खाली येणारी रेघ ही त्या पद्धतीची ओळख आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे तिचे सूत्र. इंटरनेट त्या वेळी सावरले ते याच सूत्रावर. पुढे ठेच थोडी सौम्य करण्याचे प्रयत्न झाले: 2001 साली प्रमाणित झालेल्या पद्धतीत रांग वाढू लागताच राउटर, म्हणजे पॅकेटांना वाट दाखवणारे वाटेतले यंत्र, पॅकेट टाकून न देता त्याच्यावर धोक्याची खूण करू शकतो. पण खूण असो वा नुकसान, कोंडी आधी होऊ लागते आणि तिची बातमी मागाहून येते.

आता डेटा सेंटरमध्ये, म्हणजे हजारो सर्व्हर एकत्र ठेवलेल्या जागेत, येऊ. येथे एका सर्व्हरची तार सेकंदाला 100 अब्ज बिट वाहून नेते, असे धरू. 1500 बाइटचे (एक बाइट म्हणजे 8 बिट) एक पॅकेट त्या तारेवर चढायला 120 नॅनोसेकंद लागतात. पॅकेट पलीकडे जाऊन त्याची पोच परत येण्यास दहा मायक्रोसेकंद लागले, तर तेवढ्यात 80 हून अधिक पॅकेटे निघून गेलेली असतात, आणि येथील कित्येक निरोप मुळात त्याहून लहान असतात. पुढच्याला ठेच लागल्याची बातमी येईपर्यंत शहाणे व्हायला मागे कोणी उरलेलेच नसते. त्यात एका सर्व्हरने शंभर सर्व्हरांना एकच प्रश्न विचारला, की शंभर उत्तरे एकाच क्षणी एकाच दारात येऊन थडकतात. सर्व्हरांना जोडणाऱ्या स्विच या यंत्रातली पॅकेटे थांबवून ठेवण्याची जागा, म्हणजे बफर, भरतो, पॅकेटे गळतात आणि चुकीचे म्हणावे असे कोणीच काही केलेले नसते.

म्हणून काही संशोधकांनी क्रमच उलटा केला: आधी परवानगी, मग पाठवणी. ज्यांनी ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहिली आहे, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. इंटरनेटने जाणूनबुजून सोडून दिलेली ती टेलिफोनची जुनी रीत आहे. दक्षिण कोरियातील काइस्ट या संस्थेच्या संशोधकांनी 2017 साली मांडलेल्या एक्स्प्रेसपास या पद्धतीत तिचे रूप मोठे सुबक आहे. येथे परवाने देतो तो माहिती घेणारा. पाठवणाऱ्याने मागणी केली, की घेणारा त्याच्याकडे क्रेडिट नावाची चिमुकली पॅकेटे सोडू लागतो, आणि एका क्रेडिटवर एकच पॅकेट पाठवता येते.

खरी करामत वाटेतल्या स्विचमध्ये आहे. तारेवर एक क्रेडिट 84 बाइटची जागा घेते आणि मोठ्यात मोठे डेटा पॅकेट 1538 बाइटची. दोन्हींची बेरीज केली तर क्रेडिटचा वाटा सुमारे पाच टक्के भरतो. म्हणून स्विच क्रेडिटांना तारेचा तेवढाच हिस्सा देतो आणि त्याहून जास्त आलेली क्रेडिटे सरळ टाकून देतो. जी पार होतात, त्यांच्या बदल्यात उलट दिशेने येणारी पॅकेटे त्या तारेत मावतील एवढीच असतात. ठेच येथेही लागते, पण ती कोऱ्या परवान्याला. माहितीचा एक बाइटही वाया जात नाही. मात्र क्रेडिट ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने पॅकेट परत आले पाहिजे, नाहीतर हिशेब चुकतो. सगळे स्विच एकाच मालकाचे असलेल्या डेटा सेंटरमध्ये हे जमवता येते. जाण्यायेण्याच्या वाटा वेगळ्या आणि मालक अनेक अशा खुल्या इंटरनेटवर ही अट कोण पाळणार, हा प्रश्नच आहे.

या शिस्तीची किंमतही आहे. मागणी जाऊन पहिले क्रेडिट हाती पडेपर्यंत जाण्यायेण्याची एक फेरी वाट पाहावी लागते. मोठ्या फाइलच्या मानाने ती फेरी किरकोळ असली, तरी एका पॅकेटच्या निरोपाला ती दुप्पट वेळ लावते, आणि रस्ता मोकळा असताना असे ताटकळणे ही तर निव्वळ उधळपट्टी होय. यावर 2020 साली मांडलेल्या इओलस या पद्धतीची तडजोड व्यवहारी आहे. पहिल्या फेरीत पाठवणाऱ्याने परवान्याविना, पूर्ण वेगाने पाठवावे. मात्र रांग वाढू लागली, तर स्विचने ही विनापरवाना पॅकेटेच टाकावीत आणि परवानाधारकांना धक्का लावू नये. पहिल्या फेरीत असे गळालेले पॅकेट मग क्रेडिट घेऊन पुन्हा निघते.